अजिंठ्याच्या चित्रातील राजा कोण?

छत्रपती संभाजीनगराहून जळगावकडे जाणारा रस्ता अजिंठ्याचा घाट उतरला की फर्दापूर हे गाव लागते. गाव लहान आहे. परंतु अजिंठ्याची लेणी पाहावयास जाणाऱ्याला ते टाळता येत नाही. मोगल अमदानीतील सराई या गावात आहे. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या चित्रकर्त्री बाईंनी लेण्यांतील चित्रांच्या प्रतिकृती करविल्या, तेव्हा त्यांच्या मंडळींचा तळ फर्दापुरासच पडला होता. नंदलाल बोस, असितकुमार हाळदार यांच्यासारखे पुढे नावारूपास आलेले तरुण चित्रकार त्या मंडळींत होते. आजही प्रवाशांच्या गाड्या फर्दापूरच्या फाट्यावर थांबतात आणि तेथून सरकारी बसने सुमारे ४ किलोमीटर अंतर काटून वाघूर नदीच्या खोऱ्यातील त्या अर्धचंद्राकृती कड्यापाशी जावे लागते.

तिकिटाच्या चौकीनंतर जे लेणे प्रथम लागते, तेच पहिल्या क्रमांकाचे लेणे होय. पद्मपाणी व वज्रपाणी या दोन जगद्विख्यात आकृती तेथेच आहेत. त्या पाहून मनुष्य परत फिरतो, तेव्हा दर्शनी भिंतीच्या आतल्या अंगास त्याची दृष्टी एका दरबाराच्या चित्राकडे जाते. चित्र बरेच झिजले आहे, तरी मुख्य गोष्टी स्पष्ट दिसतात. मध्यभागी उच्चासनावर लोडास टेकून एक राजा बसला आहे. भोवती चामरधारिणी, सेवक व दरबारी आहेत. समोरून दाढीवाले, टोकदार टोप्या आणि बाह्यांचे अंगरखे घातलेले तीन परदेशीय पुरुष येत आहेत. पहिला किंचित वाकून मोत्यांचा सर पुढे करीत आहे, दुसऱ्याच्या हाती सुरई आहे, तिसऱ्याने नजराण्याचे तबक धरले आहे.

हा राजा कोण? चित्राखाली नाव नाही. तरीही गेली सव्वाशेहून अधिक वर्षे या प्रश्नाचे एक ठरीव उत्तर पुस्तकांतून व वाटाड्यांच्या तोंडून ऐकावयास मिळते. ते असे, की हा बदामीचा चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी असून समोरचे पुरुष इराणचा बादशहा खुस्रू परवीझ याचे वकील होत. उत्तर ऐकून महाराष्ट्रीय मनुष्याचा ऊर भरून यावा हे स्वाभाविक आहे. उत्तरेच्या हर्षवर्धनाला ज्याने नर्मदेपाशी अडविले, तोच हा वीर; आणि त्याचे प्रत्यक्ष चित्र! परंतु हे उत्तर कोणी दिले, कशाच्या आधारावर दिले आणि ते आज का टिकत नाही, याची हकीकत त्या उत्तराहूनही अधिक बोधप्रद आहे.

हे नाव देणारा विद्वान जेम्स फर्ग्युसन होय. पुण्याच्या महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन निराळे. हा फर्ग्युसन कलकत्त्यास निळीच्या व्यापारात पैसा मिळवून पुढे भारतीय शिल्पशास्त्राच्या अभ्यासास वाहून घेतलेला गृहस्थ. अजिंठा त्याने स्वतः पाहिला होता, व त्याच्याच निबंधामुळे लेण्यांच्या चित्रांकडे कंपनी सरकारचे लक्ष वेधून १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या लष्करी चित्रकाराची तेथे नेमणूक झाली. १८७९ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात फर्ग्युसनने एक निबंध प्रसिद्ध केला. अजिंठ्याच्या चित्रांत दुसऱ्या खुस्रूची तसबीर ओळखू येते, हा त्याचा विषय.

त्याची विचारसरणी अशी होती. पहिल्या लेण्याच्या छतावर लहान लहान चौकोनी फलक रंगविले आहेत. त्यांपैकी काहींत थोड्याफार फरकाने एकच देखावा पुनःपुन्हा येतो. इराणी पेहरावातील एक दाढीवाला पुरुष बैठकीवर बसून मद्यपान करीत आहे, शेजारी एक स्त्री आहे, आणि सेवक तत्पर उभे आहेत. हा थाट राजाचा. तेव्हा हा इराणचा राजा असावा. इराणच्या राजांत जिच्यावरील प्रेमामुळे नाव अमर झाले अशी राणी शिरीन, आणि तिचा पती खुस्रू परवीझ. मग भिंतीवरचे दाढीवाले पुरुष त्याचे वकील असले पाहिजेत. आता खुस्रूने भारतातील कोणा राजाशी संबंध ठेविला होता काय? तबरी या नामांकित मुसलमान इतिहासकाराच्या ग्रंथात त्याचा उल्लेख सापडतो. खुस्रूच्या कारकीर्दीच्या ३६ व्या वर्षी हिंदच्या एका राजाने त्याच्याकडे व त्याच्या पुत्रांकडे पत्रे आणि नजराणे धाडले, असे तबरी लिहितो. खुस्रू इ. स. ५९० मध्ये गादीवर आला. म्हणजे ही गोष्ट ६२५-२६ ची. त्या हिंदी राजाचे नाव अरबी लिपीत ज्या रूपाने आले आहे, ते ‘परमेश्वर’ या शब्दाचे अपभ्रष्ट रूप मानता येते. आणि ‘परमेश्वर’ हे पुलकेशीचे बिरुद होते. पुलकेशीची कारकीर्द सुमारे ६१० ते ६४२ अशी. दोन्ही टोके जुळली. चित्रातील राजाला नाव मिळाले, चित्राला साल मिळाले, आणि भारताच्या इतिहासाला एका आंतरराष्ट्रीय दरबाराचा देखावा मिळाला.

ही साखळी मोठ्या बुद्धिमत्तेने जोडलेली आहे यात शंका नाही. त्याच वर्षी नोल्डेके या जर्मन पंडिताचे तबरीच्या सासानी भागाचे भाषांतरही छापून निघाले, तेव्हा पुराव्याला नवलाई होती. व्हिन्सेंट स्मिथसारख्या इतिहासकाराने ही ओळख आपल्या भारताच्या प्राचीन इतिहासात घेतली. तेथून ती शाळेच्या पुस्तकांत उतरली आणि चित्राला ‘इराणी वकिलात’ असे कायमचे नाव पडले.

परंतु अनोळखी चित्राची ओळख पटवावयाची म्हणजे त्याला काही प्रश्न क्रमाने विचारावे लागतात. चित्रावर किंवा चित्राजवळ लेख आहे काय? चित्रातील पुरुषाच्या अंगावर त्याची ओळख पटविणारे चिन्ह आहे काय? चित्र केव्हा काढले? आणि ते तेथे कशासाठी काढले? फर्ग्युसनच्या साखळीला हे चार प्रश्न विचारून पाहिले म्हणजे तिचे बळ कळते.

पहिला प्रश्न लेखाचा. राजाची प्रतिमा कोरून तिच्यावर नाव घालण्याची पद्धत महाराष्ट्रात पुलकेशीच्या कित्येक शतके आधीपासून ठाऊक होती. जुन्नरजवळच्या नाणेघाटातील लेण्यात सातवाहन राजकुलातील व्यक्तींच्या मूर्ती होत्या. त्या आज नष्ट झाल्या असून केवळ पावलांच्या खुणा उरल्या आहेत. परंतु वर ब्राह्मी अक्षरांत सिमुक, देवी नायनिका, सातकर्णी अशी नावे कोरलेली असल्यामुळे तेथे कोण उभे होते हे निःसंशय सांगता येते. तेथे चेहरे गेले आणि नावे राहिली. अजिंठ्यास याच्या उलट आहे. चेहरा राहिला आहे, नाव मात्र कोठेच नाही. आणि पुलकेशीचा निर्देश करणारा लेखही अजिंठ्यात मिळालेला नाही.

दुसरा प्रश्न चिन्हाचा. सासानी राजांचे मुकुट एकसारखे नसत. प्रत्येक राजाचा मुकुट निराळ्या घाटाचा असे, व नाण्यांवर तो काळजीपूर्वक दाखवीत. दुसऱ्या खुस्रूच्या नाण्यांवरील मुकुटास दोन पंख आहेत आणि वर चंद्रकोर व तारा आहे. अजिंठ्याच्या छतावर मद्याचा प्याला घेऊन बसलेल्या पुरुषाच्या मस्तकावर असा मुकुट नाही. त्याच्या डोक्यावर टोपी आहे. टोपी, अंगरखा आणि दाढी यांवरून तो पश्चिमेकडील परकीय आहे एवढे ठरते. तो बादशहा आहे, आणि त्यातही अमुक एक बादशहा आहे, हे ठरत नाही. सिंहासनावरील राजाची गोष्टही अशीच. प्राचीन भारतीय चित्रकार राजाचा चेहरा रंगवी तो बहुधा समोर बसवून घेतलेल्या माणसाचा नसे. विष्णुधर्मोत्तर पुराणातील चित्रसूत्रात हंस, भद्र, मालव्य, रुचक व शशक असे पुरुषांचे पाच प्रकार सांगून प्रत्येकाची मापे दिली आहेत. राजा हा राजासारखा दिसला पाहिजे, हा त्या कलेचा दंडक होता. म्हणून अजिंठ्यातील पुष्कळ राजे एकमेकांचे भाऊ शोभावेत इतके सारखे दिसतात.

तिसरा प्रश्न काळाचा. आणि फर्ग्युसनच्या साखळीचा सर्वांत नाजूक दुवा येथेच होता. चित्र सातव्या शतकातील आहे हे गृहीत धरल्याखेरीज पुलकेशीचे नाव घेता येत नाही. आणि चित्र सातव्या शतकातील आहे हे ठरले मात्र पुलकेशीच्या नावावरून. पाया भिंतीवर आणि भिंत पायावर, असा हा प्रकार झाला.

काळ ठरविण्यास स्वतंत्र साधन होते, आणि ते अजिंठ्याच्याच कड्यावर कोरलेले होते. सोळाव्या लेण्यात वराहदेव नावाच्या मंत्र्याचा संस्कृत शिलालेख आहे. हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेण याचा सचिव. सतराव्या लेण्यातील लेखातही हरिषेणाच्या राज्याचा निर्देश आहे. भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी, ब्यूलर अशा एकाहून एक जाणत्या पंडितांनी अजिंठ्याचे लेख वाचावयास घेतले. परंतु सोळाव्या लेण्यातील अक्षरे पाण्याने फार झिजली होती, आणि त्यात सांगितलेली वंशावळ नीट लागत नव्हती. १९३९ मध्ये वाशीम येथे वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला, तेव्हा या कोड्याची किल्ली सापडली. वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा वत्सगुल्म येथे, म्हणजे आजच्या वाशीम येथे, राज्य करीत होती आणि तिचा मूळ पुरुष सर्वसेन होता, हे त्या ताम्रपटाने स्पष्ट झाले. महामहोपाध्याय वासुदेव विष्णू मिराशी यांनी या प्रकाशात अजिंठ्याचा लेख पुन्हा तपासून १९४१ मध्ये त्यावर स्वतंत्र पुस्तिका प्रसिद्ध केली. झिजलेल्या अक्षरांत दडलेला सर्वसेन सापडला, वंशावळ लागली, आणि अजिंठ्याच्या उत्तरकालीन लेण्यांचा मुख्य आश्रय वाकाटक कुळाचा होता, हे मत दृढ झाले.

पुढे अमेरिकन संशोधक वॉल्टर स्पिंक यांनी अर्धशतकाहून अधिक काळ अजिंठ्याचा ध्यास घेतला. एकेका लेण्यातील अपुरे काम, दाराच्या चौकटींचे बदललेले घाट, खांबांची नक्षी, घाईने बसविलेल्या मूर्ती यांची तुलना करून त्यांनी असे प्रतिपादिले, की दुसऱ्या कालखंडातील बहुतेक सर्व लेणी पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात, हरिषेणाच्या कारकीर्दीच्या सुमारास, थोडक्या वर्षांत खोदली व रंगविली गेली. पहिले लेणे तर प्रत्यक्ष हरिषेणाच्याच देणगीचे असावे, असे त्यांचे मत. वर्षावर्षाचा जो हिशेब स्पिंक मांडतात तो सर्वांनाच मान्य आहे असे नाही. परंतु हे चित्र पाचव्या शतकाकडचे आहे याविषयी आज बहुतेक अभ्यासकांत एकमत आहे. चित्र जर पाचव्या शतकातील असेल, तर ते रंगविले गेले तेव्हा पुलकेशी जन्मलाही नव्हता, आणि खुस्रू परवीझही नव्हता.

साखळीतील आणखी एक दुवा तपासण्यासारखा आहे. तबरी जे सांगतो ते हिंदच्या राजाने इराणला पाठविलेल्या पत्रांविषयी व भेटींविषयी. त्याच्या हकीकतीत प्रवास भारताकडून इराणकडे आहे. चित्रात मात्र परदेशीय लोक भारतीय राजाकडे आले आहेत. तेव्हा उलट भेटीला खुस्रूनेही वकील पाठविले असतील, ही गोष्ट मध्ये घालावी लागली. ती शक्य आहे. पण तबरीने ती लिहिलेली नाही. चित्राचा अर्थ लावण्यासाठी कल्पिलेली गोष्ट पुढे चित्रानेच सिद्ध झाली असे मानले गेले.

आता चौथा प्रश्न. चित्र तेथे कशासाठी काढले? याचे उत्तर पुलकेशीच्या समकालीनाकडूनच मिळते. चिनी प्रवासी ह्युएनत्संग सुमारे ६४१ मध्ये महाराष्ट्रात आला होता. पुलकेशीच्या पराक्रमाचे व येथील लोकांच्या मानी स्वभावाचे त्याने केलेले वर्णन प्रसिद्धच आहे. त्याच प्रवासवृत्तात पूर्वेकडील डोंगराच्या काळोख्या दरीत खोदलेल्या एका विहाराचे वर्णन आहे, आणि ते अजिंठ्याचे आहे असे अभ्यासक मानतात. तेथील भिंतींवर काय आहे, हेही तो सांगतो. तथागताने बोधिसत्त्व असताना केलेल्या साधनेतील प्रसंग तेथे दाखविले आहेत, असे त्याचे म्हणणे. राजाच्या दरबाराचा व परदेशी वकिलातीचा त्यात शब्दही नाही. विहार हे भिक्षूंचे निवासस्थान. त्याच्या भिंतीवर पूर्वजन्मींच्या कथा रंगविल्या जात. चालू राजाच्या कारभाराची नोंद ठेवण्याची ती जागा नव्हे.

या धोरणाने चित्राकडे पाहून जर्मन पंडित दीतर श्लिंगलोफ यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अजिंठ्याच्या भिंतींवरील कथा एकामागून एक मूळ बौद्ध ग्रंथांशी ताडून पाहिल्या. त्यांच्या व स्पिंक यांच्या मते हा दरबार महासुदर्शन राजाचा आहे. ही कथा बुद्धाने आपल्या अखेरच्या दिवसांत सांगितली. कुशिनगर या आडवळणाच्या गावी निर्वाण घेऊ नये, अशी आनंदाने विनवणी केली, तेव्हा बुद्ध म्हणाला, की हे गाव क्षुद्र नव्हे. पूर्वी येथे कुशावती नावाची समृद्ध राजधानी होती आणि महासुदर्शन नावाचा चक्रवर्ती तेथे राज्य करीत होता. तो महासुदर्शन म्हणजे पूर्वजन्मीचा मीच. या राजापुढे लोक विपुल धन घेऊन येतात आणि तो ते घेण्यास नकार देतो, असा प्रसंग कथेत आहे. पुढे तो वैभवाचा मोह टाकून ध्यानात मग्न होतो. भिंतीवरील नजराण्याचे तबक, मोत्यांचा सर आणि सिंहासनावरील शांत मुद्रेचा राजा यांचा अर्थ या कथेत चपखल बसतो.

मग दाढीवाले इराणी तेथे कसे आले? त्यासाठी वकिलातीची गरज नाही. पाचव्या-सहाव्या शतकांत इराणी व्यापाऱ्यांची गलबते पश्चिम समुद्रावर नित्य फिरत होती. सहाव्या शतकातील कॉस्मस नावाच्या ग्रीक लेखकाने कल्याण बंदराचा उल्लेख केला असून तेथील ख्रिस्ती धर्माध्यक्षाची नेमणूक इराणातून होत असे, असे लिहिले आहे. कल्याणहून घाटावर चढणारे व्यापारी मार्ग विहारांच्या आसपासूनच जात. चित्रकाराने असे लोक बाजारात, तांड्यांत पाहिले होते. अजिंठ्याच्याच सतराव्या लेण्यात बुद्धाचा उपदेश ऐकणाऱ्या समुदायातही असे टोपीवाले परदेशीय दाखविले आहेत. चक्रवर्तीचा लौकिक दूरदेशापर्यंत पोहोचला आहे, हे दाखवावयाचे तर दूरदेशचा म्हणून जो मनुष्य प्रेक्षकाच्या परिचयाचा होता, तोच चित्रकाराने रंगविला.

यावर कोणी म्हणेल, की राजाचे नाव पुलकेशी ठरले काय किंवा महासुदर्शन ठरले काय, चित्राच्या सौंदर्यात त्याने काय उणे-अधिक होते? सौंदर्यात होत नाही, इतिहासात होते. पुलकेशीचे नाव देताना पहिले लेणे सुमारे दीडशे वर्षे पुढे ढकलले गेले, आणि ज्यांच्या आश्रयाने ते खोदले व रंगविले गेले त्या घराण्याचे श्रेय दुसऱ्याच्या खाती जमा झाले. हे वत्सगुल्माचे वाकाटक महाराष्ट्राला परके नव्हेत. सर्वसेनाने महाराष्ट्री प्राकृतात ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले होते. ते आज उपलब्ध नाही. अलंकारशास्त्रकारांच्या अवतरणांतून त्याची ओळख उरली आहे. मराठीच्या पूर्वज भाषेत काव्य करणारा राजा आणि अजिंठ्याला वैभवास चढविणारा त्याचा वंशज हरिषेण, या दोघांचा विसर पडण्यास पुलकेशीच्या नावाचा झगमगाट थोडाफार कारण झाला.

पुलकेशीचे यात काहीच गेले नाही. त्याच्या कीर्तीला भिंतीवरच्या चेहऱ्याचा आधार लागत नाही. रविकीर्तीने शके ५५६, म्हणजे इ. स. ६३४-३५ मध्ये, ऐहोळे येथील जैन मंदिरावर कोरविलेली प्रशस्ती आजही वाचता येते. नव्याण्णव हजार गावांच्या तीन महाराष्ट्रकांचे स्वामित्व त्याने मिळविले, हे तेथे स्पष्ट अक्षरांत लिहिलेले आहे. त्याची खरी तसबीर ती होय, आणि तिच्यावर त्याचे नाव आहे.

फर्ग्युसनलाही दोष देण्याचे कारण नाही. त्याच्या वेळी वाशीमचा ताम्रपट निघाला नव्हता आणि वाकाटकांचा इतिहास जुळलेला नव्हता. उपलब्ध साधनांतून त्याने एक अनुमान काढले आणि उघडपणे पुढे मांडले, म्हणूनच इतरांना ते तपासता आले. दोष असलाच तर तो अनुमानाला सिद्धांत समजून पिढ्यान्‌पिढ्या तेच पाठ करणाऱ्यांचा आहे. महासुदर्शन ही ओळखदेखील याच कसोट्यांवर घासून घेतली पाहिजे. आज तिच्या बाजूस काळाचा, स्थळाचा व कथेचा असा तिहेरी पुरावा आहे, म्हणून ती ग्राह्य ठरते.

लेणी पाहावयास जाणाऱ्याने म्हणून पहिल्या लेण्यात एवढे अवश्य करावे. दरबाराच्या चित्रापाशी वाटाड्याने पुलकेशीचे नाव घेतले, तर ते ऐकून घ्यावे. परंतु दृष्टी त्या एका राजावर खिळवून ठेवू नये. शेजारच्या भिंतींवरून ती सावकाश फिरवावी. राजे तेथे पुष्कळ आहेत. कोणी राज्य सोडून निघाला आहे, कोणी आपले मांस तोडून देत आहे, कोणी नागलोकात उपदेश ऐकत आहे. त्यांपैकी कोणाचेही नाव चित्रकाराने लिहिले नाही. दिव्याच्या उजेडात त्या भिंतीपुढे उभ्या राहणाऱ्या भिक्षूला ते सगळे बोधिसत्त्वच आहेत, हे सांगावे लागत नव्हते.